टायर शेवटी, गिअर आधी

अमेरिकेत डिझेल पिकअप ट्रक हौसेने बाळगणाऱ्यांचा खर्चाचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी ट्रक येतो. मग तो उंच करण्यासाठी नव्या स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मग ३५ किंवा ३७ इंची टायर. काही महिने जातात, ट्रेलर जोडून एखादा डोंगर चढून होतो, गाडी पूर्वीसारखी ओढत नाही हे कळते आणि मग अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा विचार सुरू होतो. तोवर खिसा हलका झालेला असतो. त्यामुळे एखाद्या तक्त्यात टायरचा आकार शोधायचा, त्याच्यासमोर छापलेला आकडा उचलायचा आणि विषय संपवायचा, असे होते.

हा क्रम उलटा आहे आणि तो तक्ता अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. अ‍ॅक्सल रेशो ठरवायचा तो ट्रककडून जे काम करून घ्यायचे त्यावरून, आणि नेमके बोलायचे तर त्या कामाच्या दोन टोकांवरून. सगळ्यात जड ओझे घेऊन सगळ्यात उभ्या चढावर जागेवरून निघणे हे एक टोक. सपाट महामार्गावर तासन्‌तास एका वेगाने धावत राहणे हे दुसरे. ही दोन्ही टोके ज्या रेशोने सांभाळली जातात तो रेशो बरोबर. आणि एखादा टायर लावल्यावर कोणत्याच रेशोने ती सांभाळता येत नसतील, तर तो टायर त्या ट्रकला मोठा आहे.

आधी यंत्र पाहू. इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर येते आणि शाफ्टने मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत पोचते. तिथे शाफ्टच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक असते आणि ते क्राउन व्हील नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की अ‍ॅक्सल रेशो मिळतो. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असले की ३.७३. पिनियनचा एक दात कमी केला, १० ठेवले, की ४.१०. आणखी एक कमी केला की ४.५६. ट्रकवाल्यांच्या तोंडी जे आकडे सतत असतात ते असे दात मोजून आलेले आहेत. ४१ ही मूळ संख्या निवडण्यातही शहाणपण आहे. तिच्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो, त्याच त्या जोड्या एकमेकींना घासत राहत नाहीत आणि झीज सगळ्या दातांवर सारखी वाटली जाते.

रेशोचा आकडा जितका मोठा, तितके चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला जास्त फिरावे लागते आणि तितकी चाकाला मिळणारी ओढ वाढते. टायर मोठा झाला की याच्या उलट घडते. एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण अ‍ॅक्सलच्या मध्यापासून रस्ता लांब गेल्यामुळे तीच फिरकी रस्त्याला कमी जोराने ढकलते. मोठा टायर लावणे म्हणजे न सांगता रेशो बदलणे, आणि तोही ओझे ओढणाऱ्याला नको असलेल्या दिशेने.

एक खरा ट्रक घेऊ. २००५ सालचा डॉज राम २५००, ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन, ४८आरई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ३.७३ चा अ‍ॅक्सल आणि कंपनीने दिलेला ३१.६ इंच व्यासाचा टायर. हा टायर एका फेऱ्यात सुमारे २.५२ मीटर जातो. ताशी १०५ किलोमीटर वेगाने, म्हणजे तिथल्या ६५ मैलांनी, चाक मिनिटाला सुमारे ६९४ फेरे घेते. त्याला ३.७३ ने गुणले आणि वरच्या गिअरच्या ०.६९ ने गुणले की इंजिनाचे फेरे येतात सुमारे १,७९०. आता ३५ इंची टायर लावू. ३५ म्हणून विकला जाणारा टायर प्रत्यक्षात ३४.५ इंचांच्या आसपास भरतो. फेरे उतरतात १,६४० वर. ३७ इंची लावला, म्हणजे खरे ३६.५ धरले, की १,५५०.

तक्त्याचे उत्तर इथून निघते. ३.७३ ला ३४.५ ने गुणायचे आणि ३१.६ ने भागायचे. येतात ४.०७, म्हणून ३५ इंची टायरला ४.१०. तसेच ३७ इंचीसाठी ४.३१ येतात. हे गणित खोटे नाही. मात्र ते फक्त भूमितीचे आहे. मोठा टायर व्यासाने मोठा असतो तसा वजनालाही जड असतो आणि त्याचे बरेचसे वजन परिघाजवळ असते. दर वेळी वेग घेताना ते वजन फिरते करावे लागते. त्याची नक्षी खोल आणि रांगडी असली तर तो रस्त्यावर जास्त ताकद खातो. आणि टायर बसावा म्हणून उंच केलेला ट्रक हवेला जास्त अंग देतो. वेग वाढतो तशी हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. जुने प्रमाण जुळवल्याने फेरे जुने मिळतात, पण काम जुन्यापेक्षा वाढलेले असते. म्हणून ओझे ओढणाऱ्या ट्रकसाठी तक्त्याचे उत्तर हे किमान उत्तर मानावे.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. डिझेल इंजिनात टॉर्क इतका असतो की रेशोने काय बिघडते, असे जुने-जाणते मालक विचारतात. याच कमिन्स इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क जवळपास ६०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ८१३ न्यूटन-मीटर, आणि तो मिळतो १,६०० फेऱ्यांना. मग ३७ इंची टायरवर इंजिन १,५५० फेऱ्यांनी चालत असेल तर ते आपल्या ताकदीच्या शिखराशीच उभे आहे. तक्रार कसली?

तक्रार अशी की डोंगर चढायला टॉर्क पुरत नाही, शक्ती लागते. आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. १,६०० फेऱ्यांना ६०० पाउंड-फूट म्हणजे १८३ अश्वशक्ती. याच इंजिनाची पूर्ण ३२५ अश्वशक्ती मिळते २,९०० फेऱ्यांना. आता कोलोरॅडोतला आय-७० महामार्ग डोळ्यांसमोर आणा. रॉकी पर्वतात आयझेनहॉवर बोगद्याकडे चढणारी ७ टक्क्यांची चढण, ११,००० फुटांहून जास्त उंची. ट्रक आणि ट्रेलर मिळून ९ टन वजन आहे आणि ताशी ६५ किलोमीटरने चढायचे आहे. नुसते वजन वर उचलायलाच चाकांपाशी सुमारे १५० अश्वशक्ती लागते. टायरचा आणि हवेचा विरोध वेगळा, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये वाया जाणारी ताकद वेगळी. १,६०० फेऱ्यांना मिळणाऱ्या १८३ मध्ये हे बसत नाही. इंजिनाला वर चढावेच लागते.

ते कुठे चढते ते रेशो ठरवतो. ३.७३ आणि ३७ इंची टायर असेल तर ६५ च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १,४०० फेऱ्यांच्या आतच राहते, म्हणजे टॉर्कच्या शिखराच्याही खाली. दुसऱ्यात टाकले तर सुमारे २,००० वर जाते. ४.५६ असेल तर तिसऱ्यात १,७०० आणि दुसऱ्यात जवळजवळ २,४५०. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर पेडल तळाला लावून बसतो, इंजिन दम खाते, जास्त डिझेल आणि कमी हवा या हिशेबाने एक्झॉस्टचे तापमान चढत जाते आणि गिअरबॉक्सचे तेल तापते. दुसऱ्याचा ड्रायव्हर मोठा आवाज ऐकतो, एवढेच. डिझेल इंजिन २,४०० फेऱ्यांना ओरडते म्हणून त्याला त्रास होतो आहे असे वाटते, आणि १,४०० ला गंभीर घुमते म्हणून ते आरामात आहे असे वाटते. भरल्या ओझ्याखाली वस्तुस्थिती उलटी असते.

यावर दुसरा आक्षेप येतो: गिअरबॉक्स कशासाठी आहे मग? वरचा गिअर जड जातो तर खालचा टाका. हे बरोबर आहे आणि याच उत्तरातून माझा मुख्य मुद्दा निघतो. मधल्या वेगांना नेहमी एखादा खालचा गिअर हाताशी असतो. पण पहिल्याच्या खाली गिअर नसतो आणि शेवटच्याच्या वर गिअर नसतो. मधले सगळे गिअरबॉक्स सांभाळून घेऊ शकतो. ही दोन टोके मात्र अ‍ॅक्सलवर सोपवलेली असतात. म्हणून रेशो निवडताना पाहायचे ते टोकांकडे.

खालचे टोक किती महत्त्वाचे ते अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांना चांगले ठाऊक आहे. ट्रेलर ओढण्याची क्षमता जाहीर करण्यासाठी तिथे एसएई संस्थेचे जे२८०७ हे मानक वापरतात. त्यातल्या एका चाचणीत १२ टक्के चढावर थांबलेला ट्रक, पूर्ण ओझ्यासह, पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून निघून १६ फूट गेला पाहिजे. पुढे पाच वेळा आणि रिव्हर्समध्येही पाच वेळा. दुसरी चाचणी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढणीवरची. सुमारे १८ किलोमीटरची ही वाट वाळवंटातल्या उकाड्यात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायची आणि मागे एकेरी चाके असलेल्या ट्रकचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. थोडक्यात, निघता येणे आणि चढत राहणे. कंपनीचा जाहीर आकडा या कसोट्यांवर उभा असतो, आणि तो त्या मूळ टायरसाठी आणि त्या मूळ रेशोसाठी असतो. ३७ इंची टायर लावणारा मालक तो आकडा तसाच मानत राहतो, पण जागेवरून निघतानाची त्याची ओढ १३ टक्क्यांनी कमी झालेली असते. घराच्या चढत्या ड्राइव्हवेवर ट्रेलर मागे ढकलताना आणि बोट पाण्यातून वर काढताना ही १३ टक्के जाणवतात. कमी ओढीची भरपाई टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणारा भाग, घसरून करतो आणि त्या घसरण्याचा प्रत्येक सेकंद तेलात उष्णता बनून जमा होतो.

फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारा जादा खालचा गिअर, आहे ना, असे कोणी म्हणेल. चिखलात, वाळूत जरूर आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल असा जखडला की वळताना चाकांना वेगवेगळे अंतर कापायची मोकळीक राहत नाही आणि सगळा ताण शाफ्ट, जॉइंट आणि गिअरवर येतो. रोजच्या कामाला ते उत्तर नाही.

आता गिअरबॉक्सकडे वळू. कारण तक्त्यात त्याचा उल्लेखच नसतो. ४८आरईचा पहिला गिअर २.४५ आणि शेवटचा ०.६९. म्हणजे दोन्ही टोकांमध्ये साडेतीन पटींचे अंतर. त्याच काळात याच ट्रकबरोबर एनव्ही५६०० हा सहा गिअरचा हाताचा गिअरबॉक्स मिळत असे. त्याचा पहिला ५.६३ आणि सहावा ०.७३, अंतर जवळजवळ पावणेआठ पट. एकच इंजिन, एकच अ‍ॅक्सल, एकच ३७ इंची टायर, आणि तरीही दोघांचे योग्य उत्तर वेगळे. हाताच्या गिअरवाल्याचे खालचे टोक आधीच इतके खोल आहे की त्याला ४.१० पुरतात. सहाव्यात १०५ च्या वेगाला इंजिन सुमारे १,८०० फेऱ्यांवर बसते. चार गिअरच्या ऑटोमॅटिकवाल्याला वाट चिंचोळी. ट्रेलर ओढत असेल तर त्याने ४.५६ घ्यावेत. महामार्गावर फेरे सुमारे १,८९० होतील, म्हणजे कंपनीच्या मूळ १,७९० पेक्षा थोडेच जास्त, आणि उंचावलेल्या ट्रकला ते जास्तीचे फेरे लागतातच. ओझे कधीच ओढत नसेल आणि रोज लांबचा सपाट रस्ता असेल तर ४.१० वर १,७०० फेऱ्यांनी तो सुखाने जाईल. तीन मालक, एक टायर, तीन परिस्थिती. जो तक्ता तिघांना एकच आकडा देतो त्याने तिघांना एकही प्रश्न विचारलेला नसतो.

पुढच्या काळातले ट्रक ही गोष्ट आणखी स्पष्ट करतात. ६.७ लिटरच्या कमिन्सबरोबर आलेल्या ६८आरएफई या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ३.२३ आणि सहावा ०.६३. मायलेज सुधारावे म्हणून कंपनीने पुढे त्याच्याबरोबर ३.४२ चा अ‍ॅक्सलही देऊ केला. मूळ टायरवर हा हिशेब उत्तम जुळतो, १०५ च्या वेगाला सुमारे १,५०० फेरे. पण अशा ट्रकला कोणी ३७ इंची टायर लावले की फेरे १,३०० वर येतात आणि सहावा गिअर ओझ्याखाली धरवत नाही. गिअरबॉक्स पाचव्या-सहाव्यात सारखा वरखाली करत राहतो. मालकाने सहा गिअरचे पैसे दिले, वापरायला पाच मिळाले. तिथे ४.५६ बसवले तर सहाव्यात सुमारे १,७३० फेरे मिळतात, पहिल्याची ओढ मूळ ट्रकपेक्षाही वाढते आणि सहाही गिअर पुन्हा कामाला येतात. नव्या गिअरबॉक्सचे अंतर मोठे असल्यामुळे रेशोचा आकडा वाढवण्याची किंमत वरच्या टोकाला फारशी मोजावी लागत नाही. जनरल मोटर्सने २०२० मध्ये दहा गिअरच्या गिअरबॉक्सबरोबर ड्युरामॅक्स ट्रकचा अ‍ॅक्सल ३.७३ वरून ३.४२ वर आणला, तोही याच तत्त्वावर. मात्र कंपनीने तो तिच्या स्वतःच्या टायरसाठी आणला होता. ‘हल्ली ३.४२ चालतात’ हे वाक्य त्या टायरशिवाय अर्धे आहे.

मायलेजचा आक्षेप राहिला. रेशो वाढवला की फेरे वाढतात, फेरे वाढले की डिझेल जास्त जळते, ही समजूत सरसकट खरी नाही. इंजिन किती डिझेल पिते हे मुख्यतः त्याला किती काम करावे लागते यावर ठरते, आणि ते काम वाढवलेले असते टायरच्या वजनाने, नक्षीने आणि ट्रकच्या उंचीने. बिनओझ्याच्या संथ प्रवासात जास्त फेऱ्यांचा थोडा तोटा होतो, हे मान्य. ओझ्याखाली तोच रेशो अनेकदा फायद्यात जातो, कारण इंजिन सोयीच्या फेऱ्यांत राहते आणि कन्व्हर्टर लॉक होऊन टिकतो. शिवाय मोजमापातच एक चूक लपलेली असते. ३५ इंची टायर लावल्यावर ओडोमीटर खऱ्यापेक्षा कमी अंतर दाखवतो, कारण चाक किलोमीटरला ३९७ ऐवजी ३६३ च फेरे घेते. १,००० किलोमीटर चाललेला ट्रक ९१६ च नोंदवतो. मायलेज पडले म्हणून हळहळणाऱ्या कित्येकांच्या तोट्यातला मोठा हिस्सा कागदावरचा असतो. स्पीडोमीटरही तसाच. काटा १०५ वर असताना गाडी ११५ ने धावत असते. टायर बदलला त्या दिवशी गाडीच्या संगणकात टायरचा नवा आकार भरून घेतला नाही तर पुढची सगळी तुलना व्यर्थ.

म्हणून रेशोचा आकडा जितका मोठा तितका चांगला, असे मी म्हणत नाही. वरचे टोकही तितकेच खरे आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस ताशी १२० ने रिकामा धावणारा ट्रक उगाच खोल रेशोवर ठेवला तर आवाज, कंप आणि इंधन यांचा भुर्दंड रोज बसतो. आकडा वाढवताना पिनियनचे दात कमी होतात, पिनियन बारीक होतो आणि एका वेळी पकडीत असलेल्या दातांवरचा भार वाढतो. डाना ६० सारख्या काही अ‍ॅक्सलमध्ये ४.१० च्या पुढे जायचे तर डिफरन्शियलचा कॅरिअरही बदलावा लागतो आणि खर्च वाढतो. तरीही संशय असेल तेव्हा मी ओझ्याच्या बाजूने झुकेन. जास्त फेऱ्यांचा तोटा इंधनाच्या पावतीवर दिसतो, मोजता येतो आणि सोसता येतो. कमी फेऱ्यांवर ओझे ओढल्याचा तोटा तेलात, क्लचच्या प्लेटांत आणि टर्बोत साचत जातो आणि एके दिवशी गिअरबॉक्सची किंमत मागतो.

शिवाय हे काम पुन्हा पुन्हा करण्यासारखे नाही. क्राउन-पिनियन बदलताना मेकॅनिक पिनियनखाली कागदासारख्या पातळ शिम घालतो आणि काढतो, पिनियन किती आत बसतो ते ठरवण्यासाठी. मग क्राउन आणि पिनियन यांच्यातली मोकळीक, बॅकलॅश, डायल गेजने इंचाच्या काही हजारांश भागांपर्यंत मोजतो. मग क्राउनच्या काही दातांना पिवळी पेस्ट लावून चाक दोन्ही दिशांना फिरवतो. दाताच्या मध्यावर लांबट ठसा उमटला तर जोडी बसली. ठसा दाताच्या माथ्याकडे किंवा बुडाकडे सरकला असेल तर सगळे उघडून शिम बदलायची आणि पुन्हा पेस्ट, पुन्हा ठसा. इथे घाई केली की नवी जोडी पहिल्या महिन्यापासून गुणगुणू लागते आणि ती गुणगुण झिजेची असते. फोर व्हील ड्राइव्हच्या ट्रकला हे पुढच्या अ‍ॅक्सलमध्येही करावे लागते, कारण दोन्हीकडे रेशो एकच हवा. त्यानंतर नव्या दातांना ट्रेलरशिवाय काहीशे किलोमीटर सवय करायची आणि तेल बदलायचे. ही मजुरी ४.१० ला जितकी, तितकीच ४.५६ ला. म्हणून अर्धवट रेशो घेऊन पैसे वाचवणे ही बचतच नाही.

चढणीइतकाच उतार महत्त्वाचा आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. डिझेल ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. फेरे जितके जास्त, तितके इंजिन गाडीला मागे धरते. मोठा टायर आणि जुना रेशो असलेल्या ट्रकला उतारावर फेरे कमी मिळतात, धरण्याची ताकद कमी मिळते, आणि उरलेले काम पायाच्या ब्रेकवर पडते. तो ब्रेक बिचारा आधीच अडचणीत असतो. डिस्क तीच, कॅलिपर तेच आणि टायर मोठा, म्हणून रस्त्यावर पोचणारा रोधही तेरा टक्क्यांनी घटलेला. रेशो बदलून चढाची ओढ परत मिळते, एक्झॉस्ट ब्रेकचे बळ परत मिळते, पायाच्या ब्रेकचे मात्र मिळत नाही. रेशो बदलल्याने वाहनाची मान्य भारक्षमताही किलोभर वाढत नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. अमेरिकेतल्या रामच्या बॉनेटखाली जे ५.९ लिटरचे बी-सिरीज कमिन्स इंजिन होते, त्याच घराण्याचे इंजिन टाटांच्या १६१३ ट्रकमध्ये आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावले. कमिन्सचा पुण्याशी संबंध १९६२ पासूनचा, किर्लोस्कर कमिन्सच्या काळापासूनचा. फलटणलाही आज त्यांची इंजिने बनतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम रेशोचेच शास्त्र सांगतो. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याने, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची काय किंमत पडते, हे पुणेकरांना पुन्हा पुन्हा दाखवले आहे. इंजिनाची पकड चाकांवरून सुटली की उरतो फक्त तापलेला ब्रेक. चुकीच्या रेशोवरचा ट्रक ही पकड पूर्ण सोडत नाही, पण सैल करतो. भारतात मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे फेरफार रोखले जातात. अमेरिकेत मालकाला त्याहून बरीच मोकळीक आहे. ज्याला मोकळीक आहे त्याच्यावर हिशेब करण्याची जबाबदारी जास्त येते.

तो हिशेब करण्याचा क्रमही मग ठरतो. सगळ्यात जड ओझे किती आणि ते वर्षातून किती वेळा? सगळ्यात उभा चढ कोणता आणि त्यावर थांबून निघावे लागते का? महामार्गावरचा खरा वेग किती? गिअरबॉक्सचा पहिला आणि शेवटचा गिअर काय? या चार उत्तरांतून रेशोची एक चिंचोळी पट्टी मिळते. त्या पट्टीत जो टायर बसतो आणि ज्याला ब्रेक पुरे पडतात, तो घ्यावा. टायर विकणाऱ्याने हे चार प्रश्न विचारल्याशिवाय ३७ इंची टायर चढवू नये, आणि विचारले नाहीत तर ग्राहकाने दुकान बदलावे. ट्रक आपल्या पैशाचा असला तरी ७ टक्क्यांच्या उतारावर नऊ टनांचे ओझे किती वेळात थांबते, यावर पुढच्या गाडीतल्या माणसांचा जीव टांगलेला असतो. त्यांना आपला टायर निवडण्यात मत नव्हते. म्हणून त्यांच्या वतीने हा हिशेब आपणच करायचा, आणि तो पैसे मोजण्याआधी करायचा.